कोल्बेच्या ओकाला पुण्याचं तांबं: पेठांमधल्या एचिंग-सामानाचा आढावा

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण पिशवी घेऊन सामानाला निघालेल्या माणसाला तोच हवा असतो. एचिंग, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर आम्लानं रेषा कोरून तिच्यावरून कागदावर चित्र छापण्याची कला. तिचं सगळं सामान पुण्यात एका दुकानात मिळत नाही. पण रविवार पेठ, बुधवार पेठ, अप्पा बळवंत चौक आणि शिवाजीनगर असा एक फेरा मारला, तर प्रेस सोडून सगळं जमतं. तांबं उत्तम. तांबं खाणारं रसायन, फेरिक क्लोराइड, चांगलं, पण कुठल्या रूपात हाती पडलंय ते बघून घ्यायला हवं. कागद फारच सरस. शाई कामचलाऊ. प्रेस मात्र बनवूनच घ्यावी लागते, आणि बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात.

या सामानाला माप कुठलं लावायचं, हा खरा प्रश्न. नुसत्या चार रेघा उमटल्या म्हणजे सामान चांगलं, असं म्हणायचं तर काहीही चालेल. आम्ही माप लावलं आहे ते कार्ल विल्हेल्म कोल्बे या जर्मन एचरचं. आपल्याकडे चित्रकला शिकणाऱ्यांनाही हे नाव सहसा ठाऊक नसतं. हा बर्लिनमध्ये जन्मला, पण त्याचं आयुष्य गेलं मुख्यतः डेसाउ या छोट्या राजधानीच्या गावात, आणि तिथेच १८३५ मध्ये तो वारला. पेशानं फ्रेंचचा शिक्षक. १७७४ मध्ये डेसाउत निघालेल्या फिलांथ्रोपिनम या त्या काळी गाजलेल्या शाळेत तो शिकवत होता. चित्रकलेकडे पूर्णपणे वळला तो तिशी उलटल्यावर. बर्लिनचा नामवंत एचर डॅनिएल खोडोविएकी त्याच्या नात्यातला, आणि त्यानंच त्याला या वाटेवर ढकललं. त्यानंतर कोल्बेनं तीनशेच्या आसपास प्लेटा केल्या, त्यातल्या बहुतेक झाडाझुडपांच्या. ओकची झाडं इतकी काढली की लोक त्याला ‘आयशेनकोल्बे’, म्हणजे ओकवाला कोल्बे, म्हणू लागले. झाडांनीच आपल्याला चित्रकार केलं, असं त्यानं १८२५ च्या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. डेसाउ मुल्डे नदीवर, एल्बच्या जवळ. नदीकाठच्या पूरमैदानातले जुने, पोकळ झालेले ओक त्याला रोज दिसत होते.

त्याची एक वेगळी बाजूही सांगायला हवी. फ्रेंच शिकवणारा हा माणूस जर्मनमध्ये परक्या शब्दांची जी भेसळ होते तिच्याविरुद्ध हिरिरीनं लिहीत असे. भाषाशुद्धीचे वाद ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हा गडी लगेच ओळखीचा वाटेल.

पण माप म्हणून तो घेण्याचं कारण दुसरं. त्याची काही एचिंग्ज अशी आहेत की पाणथळ जागेतली साधी रानटी झुडपं माणसाच्या डोक्यावर छतासारखी पसरली आहेत. १८०१ च्या सुमाराचं ‘मीही आर्केडियात होतो’ हे चित्र घ्या. एक जोडपं दगडी शवपेटीसमोर थांबलंय, आणि त्यांच्याभोवती दहा-दहा फुटांची पानं. आपल्याकडे श्रावणात ओढ्याकाठच्या रानअळूसमोर जमिनीला गाल लावून आडवं व्हा आणि वर बघा, तेच दिसेल. अळूच्या पानाची खालची बाजू, शिरेजवळचा काळोख, कडेला पडलेला उजेड आणि देठाच्या मागे आणखी एक पान, त्याच्या मागे आणखी एक. कोल्बेनं हे सगळं फक्त रेषेनं केलं. काळ्या रंगाचा सपाट थर नाही की ब्रशची छटा नाही. एकाच दिशेच्या शेकडो रेषा, त्यावर तिरक्या दुसऱ्या, आणि प्रत्येक थराची खोली निराळी.

इथेच सामानाचा प्रश्न सुरू होतो. एचिंगमध्ये सुई रेषा खणत नाही. सुई फक्त प्लेटवरचं मेण बाजूला करते. खणतं ते आम्ल. मागचं पान फिकं आणि पुढचं गडद हा फरक हाताच्या जोरानं येत नाही, तो आम्लातल्या मिनिटांनी येतो. म्हणून सामानाकडे बघताना एकच गोष्ट विचारायची: या तांब्यात, या द्रावणात, आज दहा मिनिटांत जेवढी खोली मिळाली तेवढीच पुढच्या आठवड्यात मिळेल का? बाकी सगळ्यात तडजोड चालते. यात चालत नाही.

तांब्यापासून सुरुवात करू. तांबट आळीचं नाव डोळ्यांसमोर येतं, पण तिथलं मठारकाम केलेलं तांबं एचिंगला उपयोगाचं नाही, कारण ठोक्यांमुळे पृष्ठभाग सपाट राहत नाही. हवा तो कारखान्यातून रोल होऊन आलेला कोरा पत्रा, आणि तो रविवार-भवानी पेठेकडच्या धातूच्या दुकानांत वजनावर मिळतो. मागताना ‘अठरा गेज, कडक’ असं मागा. अठरा गेज म्हणजे १.२ मिलिमीटर. वीस गेज, म्हणजे ०.९ मिलिमीटर, छोट्या प्लेटला चालतो; त्याहून पातळ घेतला तर प्रेसमधून निघताना प्लेट धनुष्यासारखी वाकते. तापवून मऊ केलेला पत्रा तांबटांना हवा असतो, आपल्याला नको; त्यात कडा पटकन दबतात. १५ × २० सेंटिमीटरची अठरा गेजची प्लेट साधारण सव्वातीनशे ग्रॅम भरते, म्हणजे किलोत तीन बसतात. भाव रोज बदलतो, तेव्हा निघण्याआधी फोन करून विचारलेला बरा. कात्रीनं नव्हे, शीअर मशीनवर कापून मागा. हातकात्रीनं कापलेल्या पत्र्याची कड मुरडते आणि ती सरळ करण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

आम्लातली मिनिटं ठरवायच्या चाचणीच्या पट्ट्यांसाठी स्वस्त आणि खात्रीचा पर्याय म्हणजे विजेच्या पॅनेलमध्ये वापरायची तांब्याची बसबार पट्टी. ती ९९.९ टक्के शुद्ध असते, आणि त्यामुळे आम्ल तिच्यात सारखं उतरतं. भंगारातून पुन्हा वितळवलेल्या पत्र्यात मात्र ठिकठिकाणी वेगळं मिश्रण असतं. तिथे रेषेत मधूनच खड्डे पडतात, आणि नवशिक्याला वाटतं की आपलं मेण चुकलं. सर्किट बोर्डाचा तांब्याचा मुलामा असलेला पत्रा स्वस्त दिसतो म्हणून घेऊ नका. त्यावर तांबं असतं फक्त ३५ मायक्रॉन. कोल्बेच्या पुढच्या पानांसाठी त्याच्या तिप्पट खोली हवी. तिथपर्यंत पोचायच्या आत आम्ल खालच्या फायबरला लागलेलं असतं.

घरी आणल्यावर चारही कडा कानसेनं ४५ अंशांत उतरवा आणि कोपरे किंचित गोल करा. हे टाळलं तर पहिल्याच छापाला कागद फाटतो आणि प्रेसचं ब्लँकेट कापलं जातं. मग पाण्याबरोबर ४००, ८००, १२०० नंबरचा पॉलिश पेपर आणि शेवटी धातूचं पॉलिश. तेल घालवण्यासाठी खडूची बारीक पूड, थोडा अमोनिया आणि कापूस. पाण्याची धार सोडल्यावर पूर्ण प्लेटवर अखंड पडदा राहिला पाहिजे. पाणी थेंबाथेंबांनी आकसलं की समजावं, चिकटपणा अजून गेलेला नाही. पुढे मेणाचा थर उचकटून रेषांशेजारी नको ते ठिपके पडतात, त्याचं निम्म्याहून अधिक वेळा मूळ इथेच असतं.

ग्राउंड म्हणजे आम्लाला अडवणारा मेणाचा थर. तयार गोळा ऑनलाइन मिळतो, पण घरी केलेला जास्त भरवशाचा आणि कितीतरी स्वस्त पडतो. प्रमाण जुनं आहे: डांबर दोन भाग, मधमाशीचं मेण दोन भाग, रोझिन एक भाग. शंभर ग्रॅमचा गोळा हवा तर ४०, ४० आणि २० ग्रॅम. डांबर म्हणजे रस्त्याचं चिकट डांबर नव्हे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला लागणारं कडक, ठिसूळ ‘ब्लोन बिट्युमिन’ घ्या, ८५/२५ ग्रेडचं. रोझिनच्या बाबतीत काष्ठौषधीच्या दुकानात घोटाळा होतो. तिथे ‘राळ’ मागितली की सालवृक्षाचा डिंक पुढे येतो, तो वेगळा. आपल्याला पाइनचा हवा, म्हणजे बेरजा. तेही जमत नसेल तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सोल्डरिंगसाठी मिळणारं घट्ट, मधासारख्या रंगाचं रोझिन हेच काम करतं. डबीतली मऊ फ्लक्स पेस्ट मात्र घेऊ नका, तिच्यात इतर रसायनं असतात.

आधी मेण आणि रोझिन विजेच्या शेगडीवर मंद वितळवा, मग कुटलेलं डांबर चिमटी-चिमटीनं घाला. गॅसच्या उघड्या ज्योतीवर हे करू नका, मेणाची वाफ पेट घेते. सगळं एकजीव झालं की कोमट पाण्यात ओता, हातानं मळून गोळे करा आणि सुती फडक्यात बांधून ठेवा. प्लेट तापवून त्यावर गोळा फिरवला की थर लागतो; तो रोलरनं सारखा करा. मग प्लेट उलटी धरून मेणबत्तीच्या काजळीनं काळी करा. या काजळीचा उपयोग दिसण्यापुरता आहे: काळ्यावर सुई फिरली की तांबं चमकतं आणि चित्र दिसत राहतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये हा थर तळव्याच्या उबेनंही चिकटतो, म्हणून उन्हाळ्यात रोझिन पाच ग्रॅम वाढवा आणि हात टेकायला लाकडी फळीचा पूल ठेवा. हिवाळ्यात तोच थर ठिसूळ होऊन आडव्या-तिडव्या रेषांच्या छेदावर उडतो, तेव्हा मेण वाढवा. कोल्बेसारख्या दाट छेदांच्या चित्राला हे सांभाळलंच पाहिजे.

सुईसाठी खास खर्च नको. शिवणयंत्राची सुई पिन-व्हाइसमध्ये, म्हणजे सुई धरायच्या छोट्या मुठीत, घट्ट बसवा आणि टोक बारीक दगडावर किंचित गोल करा. टोक धारदार राहिलं तर ते तांब्यात रुततं, हात अडखळतो आणि वळणदार रेषेचा प्रवाह तुटतो. हेही लक्षात असू द्या की छाप उलटा येतो. चित्र आरशात दिसेल तसं काढायचं.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते फेरिक क्लोराइड. कोल्बेच्या काळात एचर नायट्रिक ॲसिड वापरत, किंवा शिर्का, मीठ, नवसागर आणि जंगाल (तांब्याचा हिरवा गंज) यांचं द्रावण. नवसागर म्हणजे कल्हईवाला भांडं तापवून टाकतो तोच. नायट्रिक आज फ्लॅटमध्ये वापरू नका, त्याचा तांबूस धूर फुप्फुसांना घातक आहे. फेरिकला धूर जवळजवळ नसतो, ते रेषेच्या कडा सरळ ठेवतं, आणि बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सर्किट बोर्डासाठी सर्रास मिळतं. निष्काळजीपणा मात्र महागात पडतो. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. शहाबादी फरशीवर पडलं की पिवळा डाग कायमचा, आणि स्टीलच्या सिंकला भोकं पडतात.

दुकानात ते तीन रूपांत मिळतं. ओलसर, पिवळसर-तपकिरी खडे हे पाण्यासकटचं फेरिक, तेच घ्या. काळपट, कोरडी पूड दिली तर ती निर्जल असते. पाण्यात टाकताच उसळून उकळते, आणि नवख्यानं ती घेऊच नये. तयार द्रावण बाटलीत मिळतं, पण त्याची ताकद बाटलीवर बहुधा नीट लिहिलेली नसते. कुठलंही घन रूप असो, ते पाण्यात टाकायचं. पाणी त्यावर ओतायचं नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत ५४० मिलिलिटर पाण्यात ८०० ग्रॅम खडे थोडेथोडे टाका. थंड झाल्यावर साधारण एक लिटर द्रावण मिळतं, ३५ टक्क्यांच्या आसपास ताकदीचं. ताकद तपासायला बॅटरीचा हायड्रोमीटर चालत नाही, त्याचं माप १.३ ला संपतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या (आणि तो पुन्हा स्वयंपाकात वापरू नका). १०० मिलिलिटर द्रावण १३६ ग्रॅमच्या जवळपास भरलं पाहिजे. १२५ च्या खाली आलं तर पाणी जास्त झालंय. प्रत्येक बादलीच्या वेळी हे वजन एका वहीत लिहून ठेवलं, की दोन बादल्यांतला फरक कळतो.

फेरिकची मोठी खोड म्हणजे गाळ. तांबं खाताना लोखंडाचा तपकिरी गाळ रेषेतच बसतो, आम्लाची वाट अडवतो, आणि मग एकच रेषा कुठे खोल तर कुठे उथळ होते. एक उपाय जुना: प्लेट तोंड खाली करून चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून तरंगत ठेवा, म्हणजे गाळ खाली पडतो. दुसरा एडिंबरोत निघालेला आणि आता जगभर वापरला जाणारा: लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. १९० मिलिलिटर कोमट पाण्यात ६० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा आणि हे मिश्रण एक लिटर फेरिकमध्ये घाला. गाळ विरघळतो, रेषा स्वच्छ येते आणि प्लेट तोंड वर ठेवली तरी चालते. ट्रे मधूनमधून हलवत राहावा लागतो, एवढंच. आमच्या मते सगळ्या सामानात पैशाच्या मानानं सर्वांत जास्त गुण या ६० ग्रॅम लिंबूसत्वाचे.

आणि पुण्याचं हवामान. तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनातला ठोकताळा आहे. डिसेंबरच्या सकाळी खोलीत १४ अंश, एप्रिलच्या दुपारी ३६. म्हणजे तोच ट्रे, तीच प्लेट, आणि वेगात चारपटीहून जास्त फरक. पुस्तकातली मिनिटं पुण्यात लागू पडत नाहीत ती याच कारणानं. उपाय सोपा आहे. आम्लाचा ट्रे मोठ्या टबातल्या पाण्यात ठेवा, थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार, आणि द्रावण २८ अंशांवर सांभाळा. प्रत्येक नव्या बॅचला बसबारच्या पट्टीवर सहा सारख्या रेघांचे पट्टे काढा, आणि ५, १०, २०, ४० व ८० मिनिटांनी एकेक पट्टा वॉर्निशनं झाका. शेवटचा पट्टा उघडाच राहू द्या, तो १२० मिनिटांचा. ती पट्टी छापून ट्रेच्या वर टांगून ठेवा. तिच्याकडे बघूनच प्रत्येक प्लेटची वेळ ठरवायची.

कोल्बेच्या पद्धतीचं पानांचं चित्र करायचं तर क्रम असा. सर्वांत लांबची झाडं आणि आकाशाजवळची पालवी यांना आम्लात पाच मिनिटंच द्या. प्लेट धुवा, टिश्यूनं टिपा, पूर्ण कोरडी होऊ द्या. लांबच्या भागावर बिट्युमिनचं काळं वॉर्निश बारीक ब्रशनं लावा; ते कोरडं होईपर्यंत, निदान अर्धा तास, हात लावू नका. अर्धवट ओलं वॉर्निश आम्लात फुगतं आणि खालच्या रेषांत आम्ल शिरतं. पुन्हा ट्रेमध्ये, एकूण पंधरा मिनिटांपर्यंत, मग मधली झाडं झाका. एकूण चाळीस मिनिटांनी पुढची पानं. आणि सर्वांत जवळच्या पानाच्या शिरेखालचा काळोख, फक्त तेवढाच, ऐंशी मिनिटांपर्यंत.

या शेवटच्या टप्प्यावर एकच धोका आहे आणि तो मोठा आहे. रेषा खोल होताना रुंदही होते. दोन रेषांतलं अंतर कमी असेल तर मधली तांब्याची भिंत कोसळते आणि तिथे शाई न धरणारा रुंद खड्डा तयार होतो. छापात काळ्याच्या ऐवजी राखाडी डाग येतो. म्हणून सर्वांत गडद हवं तिथेच रेषा जरा विरळ काढा, हे उलटं वाटलं तरी. कोल्बेच्या छापाची चांगली प्रतिमा मोठी करून पाहा: पुढच्या पानाच्या काळोखातसुद्धा रेषांमध्ये कागदाच्या पांढऱ्या फटी जिवंत आहेत. या फटींमुळेच तो काळोख श्वास घेतो.

द्रावण थकलं हे रंगावरून कळतं. तपकिरी-लालसर होतं ते हिरवट-काळं होत जातं. चाचणीच्या पट्टीला दुप्पट वेळ लागू लागला की ते काढून टाका. नाल्यात ओतू नका, त्यातलं तांबं पाण्यातल्या जिवांना विष आहे आणि आपला नाला मुठेलाच मिळतो. मोठ्या बादलीत धुण्याचा सोडा चिमटी-चिमटीनं घाला (फेस वर येतो म्हणून बादली मोठी), लिटमस निळसर होऊ लागला की थांबा. तळाला बसलेला हिरवा-तपकिरी गाळ फडक्यानं गाळा, वाळवा आणि घातक कचऱ्यात द्या.

कुणी स्वस्तात म्हणून मोरचूद आणि मिठाचं पाणी सुचवेल, जस्त किंवा ॲल्युमिनियमसाठी. शेतकऱ्याच्या औषधातला हा मोरचूद चालतो, पण रेषा खडबडीत आणि रुंद येते. पोस्टरसारखं चित्र करायचं तर ठीक. पानांच्या शिरांना नाही. ॲल्युमिनियम फेरिकमध्ये तर कधीच टाकू नका, फसफसून तापतं.

कागदाबद्दल मन भरून लिहावंसं वाटतं. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून चिंध्यांपासून कागद करते आहे. शुद्ध सुती लगदा, लांब तंतू. भिजवल्यावर असा कागद मऊ होतो पण फाटत नाही, आणि एचिंगला नेमकं हेच हवं. २५० ग्रॅमच्या आसपासचा, पांढरा आणि गुळगुळीत दाबलेला घ्या. खडबडीत, फुलं-पाकळ्या घातलेला कागद कार्डांना शोभतो. त्यावर पातळ रेषा तुटक येतात. घेताना तावाला उजेडासमोर धरा आणि गाठ असलेला ताव बाजूला ठेवा, कारण प्रेसच्या दाबात लगद्याची गाठ तांब्यावर कायमची खूण करते. १५ × २० च्या प्लेटला २८ × ३५ चा ताव पुरतो. तासभर पाण्यात भिजवा, दोन टीपकागदांत दाबा, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर चमक नको, फक्त गारवा हवा.

शाई हा पुण्यातला कच्चा दुवा. एचिंगची खास शाई स्थानिक दुकानात क्वचितच असते. सदाशिव-नारायण पेठेतल्या ऑफसेट छापखान्यांना लागणारी काळी शाई वापरता येते, पण तशीच नाही: ती फार चिकट असते आणि पुसताना रेषेतूनही निघून येते. शंभर ग्रॅम शाईला दहा ग्रॅम बारीक खडूची पूड आणि लागेल तसे उकळलेल्या अळशीच्या तेलाचे थेंब घालून काचेवर सुरीनं घोटा. सुरीवरून ती जाड, सावकाश तुटणाऱ्या पट्टीसारखी पडली पाहिजे. प्लेट शेगडीवर हाताला जेमतेम सोसेल इतकी गरम करून शाई रेषांत भरा, मग पुस्तकबांधणीचं खळ लावलेलं जाळीचं कापड घेऊन गोल गोल पुसा. हे अप्पा बळवंत चौकात बाइंडिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. शेवटी तळव्याला खडू लावून हलक्या फटक्यांनी. चिंधीनं दाबून पुसलं तर रेषा रिकाम्या होतात.

प्रेस. उसाच्या चरकाला दोन लाटा असतात, म्हणून लोकांच्या मनात येतं, पण त्यांना खाचा असतात, उपयोग नाही. शेवयांचं किंवा पास्त्याचं हातयंत्र पोस्टकार्डाएवढ्या पातळ प्लेटला चालतं, तेही प्लॅस्टिकच्या गिअरचं नसेल तर. पुढे जायचं तर भोसरीकडच्या एखाद्या लेथवाल्याकडून बनवून घ्या, आणि तीन गोष्टी लिहून द्या. वरची लाट किमान ९० मिलिमीटर व्यासाची आणि भरीव. पातळ पाइपची लाट मधोमध वाकते आणि छापाच्या मध्यभागी चित्र फिकं येतं. दांडा जोडल्यावर लाट पुन्हा लेथवर फिरवून घ्यायची. आधी फिरवून मग वेल्ड केली तर ती लंबवर्तुळाकार फिरते आणि छापावर प्रत्येक फेऱ्याला एक फिका पट्टा येतो. बेड, म्हणजे प्लेट ठेवायचा पत्रा, १२ मिलिमीटरचा सपाट. पातळ बेड कमानीसारखा उचलला जातो. वर ब्लँकेट लोकरीच्याच दाट फेल्टचं, तीन मिलिमीटरचं एक आणि सहाचं एक. घोंगडी घालू नका, तिची वीण कागदावर उठते. पॉलिएस्टरचा फेल्ट दबल्यावर परत फुगत नाही. दाब बरोबर आहे की नाही हे कोऱ्या, शाई नसलेल्या प्लेटनं बघा: ओल्या कागदावर कडांचा ठसा चारही बाजूंना सारखा खोल उमटला पाहिजे.

कोल्बे बघायला जर्मनीला जाण्याची गरज नाही. वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन संग्रहालय यांनी आपल्या संग्रहाच्या मोठ्या प्रतिमा मोफत खुल्या केल्या आहेत. शोधताना एक काळजी: त्याच्याच नावाचा त्याचा पुतण्याही चित्रकार होता, १७८१ चा जन्म, बर्लिनमध्ये इतिहासचित्रं काढणारा. आपल्याला हवा तो १८३५ मध्ये वारलेला. १८०५ नंतर काही वर्षं तो झुरिकला होता आणि तिथे कवी-चित्रकार सालोमोन गेसनरच्या चित्रांवरून त्यानं एचिंग्ज केली. ती सुबक आहेत, पण वेळेचे टप्पे शिकायला तिथून सुरुवात करू नका. गवत, बोरू आणि रानटी पानांची चित्रं आधी उघडा. प्रतिमा खऱ्या मापात छापून घ्या, सर्वांत लांबचं आणि सर्वांत जवळचं पान पेन्सिलीनं गोल करा, आणि तो कागद चाचणीच्या पट्टीशेजारी धरा. कुठल्या पानाला किती मिनिटं द्यावी लागतील, हे पट्टीवरच्या काळेपणाशी ताडून वाचता येतं.